ब्रॅमलो हॉलचा कडू

पत्राच्या तिसऱ्या पानावर नंदकुमारला स्वतःचं नाव भेटलं. नंदकुमार हे नव्हे. ते त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं. भेटलं ते आधीचं. तेवीस वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूरच्या हायस्कुलाच्या पायरीवर चपला काढाव्यात तसं ते काढून तो आत गेला होता आणि बाहेर येताना मुद्दाम विसरला होता. कडू. निळ्या शाईत, इंग्रजी अक्षरांत, कोणा परक्या बाईच्या तिरप्या हस्ताक्षरात. हातातला चहा तसाच राहिला. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं. पण शिक्षकांच्या खोलीत कोणाला सवड होती? छप्पन सालचा श्रावण चालू होता आणि एक नोव्हेंबरनंतर आपण कोणाचे, हा वाद मधल्या सुट्टीत रोज ताजा निघायचा. नागपूर सुटणार, भोपाळ लागणार, हे तर ठरलंच होतं. पण पंडित मास्तरांचं म्हणणं असं की मराठी मुलखात आपल्याला कोणी मोजलं नाही आणि हिंदी मुलखात कोणी ओळखणार नाही. लीलाधर मास्तर म्हणाले, केळीला काय फरक पडतो, ती दोन्हीकडे पिकते. सगळे हसले. नंदकुमारही हसला, आणि पत्राची घडी करून त्याने खिशात घातली. खिसा जड झाला असं त्याला उगाच वाटलं.

पत्र त्याच्याकडे आलं ते निव्वळ तो इंग्रजी शिकवतो म्हणून. पाकिटावर पत्ता होता 'मुख्याध्यापक, सरकारी शाळा, बुऱ्हाणपूर, निमाड', आणि मुख्याध्यापकांनी तिकीट आपल्या नातवासाठी कापून घेऊन बाकीचं त्याच्या पुढ्यात टाकलं होतं. लिहिणारी बाई मिस मार्गारेट हॅलोवेल, वय चौपन्न, हे तिनेच लिहिलेलं. तिच्या घराण्याचं खेड्यातलं मोठं घर होतं, ब्रॅमलो हॉल. दोनशे साठ वर्षं उभं. आता छपरावरचे शिशाचे पत्रे चोरांनी नेले होते, पावसाचं पाणी तिसऱ्या मजल्यावरून स्वयंपाकघरापर्यंत उतरत होतं, आणि नोव्हेंबरात ते पाडायचं ठरलं होतं. पाडण्याआधी त्या घराचा आणि त्याच्या मालकांचा इतिहास लिहून काढावा, एवढीच तिची इच्छा. पहिला मालक लोकरीचा व्यापारी. त्याने घर बांधलं आणि गृहप्रवेशाच्या जेवणातच घशात हाड अडकून मेला. त्याच्या नातवाने घर पत्त्यांत घालवलं. मग एक न्यायाधीश आला. तिकडे त्या काळी घराला खिडक्या जितक्या तितका कर असे. या गृहस्थाने सोळा खिडक्या विटांनी बुजवल्या आणि उरलेलं आयुष्य अंधारात ठेचकाळत काढलं. नंदकुमारला हा न्यायाधीश फार आवडला. असली माणसं फक्त आपल्याकडेच होतात असं त्याला इतके दिवस वाटत होतं. न्यायाधीशाच्या मुलीचं लग्न एका हॅलोवेलशी झालं, त्यांचा मुलगा कॅप्टन जॉर्ज, आणि कॅप्टन जॉर्जपाशी येऊन बाईचा इतिहास अडला होता.

कारण कॅप्टन जॉर्ज सहा वर्षं बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर होता. त्याची तीन मुलं तिथेच पुरलेली. चौथा १८३४ मध्ये झाला, जगला, विलायतेला गेला, घराचा मालक झाला, आणि चर्चच्या वहीत त्याचं नाव विल्यम कडू हॅलोवेल असं लागलं. तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक थोरल्या मुलाच्या नावात हा कडू. का, ते कोणालाच माहीत नाही. बाईच्या आजोबांनी लंडनच्या लिलावातून फेटा बांधलेल्या कुणा माणसाचं चित्र आणून जिन्यावर टांगलं होतं, खाली पितळी पाटी: 'कडू, निमाडचे राजे'. साठ वर्षं पाहुण्यांना ते दाखवण्यात आलं. पण कॅप्टनच्या बायकोची रोजनिशी बाईला आता माळ्यावर सापडली होती, आणि तिच्यात एक ओळ होती, ती तिने जशीच्या तशी उतरवली होती: 'आज आयाने बाळ माझ्याकडून सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. ती त्याला कडू म्हणते. मी तिला तसं करू दिलं.' बाईने विचारलं होतं, हा काय व्यवहार? मूल खरोखर विकलं गेलं का? मग विलायतेला गेलेलं बाळ कोणाचं? तिच्या काकांनी ही ओळ वाचून रोजनिशी माळ्यावर दडवली, असा तिचा तर्क होता, कारण बाळ जर आयाचं असेल तर पुढचा एकही मालक खरा हॅलोवेल नाही. 'मला लाज वाटणार नाही,' तिने लिहिलं होतं. 'मला फक्त कळायला हवं.'

शाळा सुटल्यावर नंदकुमार शनवारा दरवाजाच्या बाजूने घरी निघाला. रस्त्यात मागांचा खडखडाट दोन्ही अंगांनी चालू होता आणि त्या खडखडाटात त्याला एकदम हसू फुटलं. निमाडचे राजे. कडूमहाराज. फोपनारमध्ये, म्हणजे त्याच्या गावी, लहानपणी तीन कडू होते, दोन दगा आणि एक धोंडू, आणि त्या सगळ्या राजेलोकांच्या नाकाला शेंबूड होता. हसता हसता त्याला असीरगडाची सहल आठवली. गेल्या साली मुलांना घेऊन तो वर गेला होता. इंग्रजांच्या थडग्यांपाशी मुलांनी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. तीन थडगी अगदी आखूड होती, पाटाएवढी. त्याने दगडावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला होता, आणि एकाएकी पाठ फिरवून मुलांना ओरडला होता की टरफलं उचला. पाठ का फिरवली ते त्याला तेव्हाही कळलं होतं. पाटाएवढं माप त्याच्या हातांना ठाऊक होतं.

बाईला जे दोन देशांत मिळून सव्वाशे वर्षांत कळलं नाही, ते कळायला नंदकुमारला चहाच्या घोटाइतका वेळही लागला नव्हता. पोरं जगत नसली की तापीकाठची बाई नवं पोर आपलं म्हणतच नाही. ते दुसरीला विकून टाकते, सूपभर कोंड्याला, म्हणजे टाकाऊ मालाला टाकाऊ भाव. नाव ठेवते कडू, नाहीतर दगा, म्हणजे दगड, की ज्याचा मोह कोणाला पडू नये. मग घेणारी बाई ते पोर तिच्याकडेच 'सांभाळायला' ठेवते. मृत्यू दाराशी येऊन विचारतो, इथलं लाडकं कुठे आहे? घरात तर कोणाचंच लाडकं नाही. तो निघून जातो. असं. नंदकुमारला स्वतःला शेजारच्या मालूबाईने असंच विकत घेतलं होतं, त्याच्या आधीची चार गेली म्हणून. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत मालूबाई दिसली की तो मायच्या लुगड्यामागे लपायचा, ही आता आपला माल घेऊन जाते की काय म्हणून. ती गालगुच्चा घेऊन मायला म्हणायची, राहू दे धुरपदा, अजून पिकला नाही.

आणि मग ती पायरी. अकरावं वर्ष, नवी टोपी, शेजारी वडील, यादव त्यांचं नाव, हातातली काठी कुठे ठेवावी ते न कळून ती पाठीमागे धरलेली. कारकुनाने नाव विचारलं. रांगेत पुढच्या पोराने आत्ताच 'गिरधर' सांगितलं होतं. सगळं हायस्कूल आपल्या तोंडाकडे बघतंय असं त्याला वाटलं आणि तोंडातून निघालं, नंदकुमार. कुठून आलं कोण जाणे, कुठल्यातरी कीर्तनातून असेल. कारकुनाने लिहिलंसुद्धा.   घरी गेल्यावर वडिलांनी मायला सांगितलं, आणि माय चुलीपुढे तशीच बसून राहिली. भाकरी करपली तरी हलली नाही. नंतर त्याने तिला बजावलं होतं, चारचौघांत मला त्या नावाने हाक मारायची नाही. तिने खरंच मारली नाही. तेवीस वर्षांत एकदाही नाही. 'अरे', 'ऐकतो का', 'मास्तर', असं काहीबाही करून तिने निभावलं, आणि तो मनातून खूश होता की गोष्ट मिटली.

गोष्ट कुठे मिटते? निर्मलाशी लग्न झालं, पहिली मुलगी झाली. नाव शोधायला त्याने शब्दकोश चाळला. मंजिरी. अकरा दिवस. मग मुलगा, शिरीष, आठ महिने. चांगला बसायला लागला होता, चमचा आपटायचा. दोन्ही वेळा धुरपदाबाई फोपनारहून आली होती, दोन्ही वेळा तिने दबक्या आवाजात म्हणून पाहिलं होतं की दगा ठेवू, मालूबाई अजून हाय. आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, माझ्या घरात हा अडाणीपणा चालणार नाही. आता निर्मलाला सातवा महिना होता. पुन्हा तेच विचारायला माय येणार होती, आणि या खेपेला काय सांगायचं ते नंदकुमारला माहीत नव्हतं. कारण शिरीषला तापीवर नेऊन परतताना एक विचार त्याच्या डोक्यात शिरला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता: नाव आपण टाकलं, आणि त्याची वसुली पोरांकडून झाली. तो विज्ञानही शिकवायचा. वर्गात ग्रहणाचं चित्र काढून राहू-केतूंची टिंगल करायचा. आणि घरी येऊन हा विचार उशाखाली घेऊन निजायचा. मायने असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण ती मनात म्हणत असणार, याची त्याला खात्री होती, आणि त्या खात्रीची त्याला मायपेक्षाही भीती वाटत होती.

तीन आठवडे त्याने उत्तर लिहिलं नाही. ब्रॅमलो हॉल मात्र त्याच्या डोक्यात राहायला आला. तपासायच्या पेपरांच्या पाठीवर तो त्या घराचा नकाशा काढत बसायचा. इथे जिना, इथे राजेसाहेब, इथे बुजवलेल्या सोळा खिडक्या. तो त्या आयाचा विचार करायचा, जिचं नाव रोजनिशीत नव्हतं. कुठली असेल ती? झिरीची, बोरगावची, की आपल्या फोपनारचीच? गोऱ्या मडमेपुढे कोंड्याचं सूप धरून ती कोणत्या भाषेत बोलली असेल? आणि मडमेने, बायबल वाचणाऱ्या, तीन थडगी मागे टाकलेल्या मडमेने, हो म्हटलं. मी तिला तसं करू दिलं. या पाच शब्दांशी येऊन तो रोज थांबायचा.

शेवटी निर्मलानेच विचारलं, हे खिडक्यांचं काय चाललंय. तिचे वडील बुऱ्हाणपुरातच कचेरीत होते. ती हिशेबाने बोलणारी, शहरातली मुलगी. तिने पत्र वाचून दाखवायला लावलं. तो इंग्रजीतून मराठी करत गेला आणि नावाशी आल्यावर 'काहीतरी एक देशी नाव' असं म्हणून पुढे सरकला. ती भाजी चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, कोणतं नाव?

"कडू," तो म्हणाला.

"म्हणजे तुमचंच की."

 तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मालूबाईने सगळं सांगितलं होतं. वर हेही, की माल माझा आहे, नीट वापर. नऊ वर्षं निर्मलाने ते पोटात ठेवलं. "मी म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील," ती म्हणाली. मग तिने सुरी खाली ठेवली आणि पत्राचं शेवटचं पान पुढे ओढलं, जे त्याने वाचून दाखवलं नव्हतं. "यात काय आहे? हे का लपवता?"

त्या पानावर बाईचा भाऊ होता. रॉबर्ट, ब्रॅमलो हॉलचा शेवटचा मालक. तेराव्या वर्षी बोर्डिंगात मुलं हसली म्हणून त्याने नावातला कडू काढून टाकला आणि कागदोपत्री पुन्हा कधी लावला नाही. 'घरात मी एकटीच त्याला त्या नावाने हाक मारत राहिले,' बाईने लिहिलं होतं. 'तो चिडायचा. ब्रह्मदेशच्या लढाईवर गेल्यावर पत्रांतही मी तेच लिहीत असे. माझं शेवटचं पत्र न उघडता परत आलं.' तिने हे ओघात लिहिलं होतं, काही विचारलं नव्हतं. नाव कशासाठी असतं हे तिला माहीतच नव्हतं. पण नंदकुमारने ते सांगितलं की दोन गोष्टी तिच्या मनात आपोआप जोडल्या जाणार: घराण्यात नाव टाकणारा तो पहिला, आणि अकाली जाणाराही पहिला. तो विचार माणसाचं काय करतो हे नंदकुमारला चांगलं ठाऊक होतं. बाईने लिहिलं होतं, मला फक्त कळायला हवं. कळणं एवढं स्वस्त नसतं, बाई.

निर्मलाने सगळं ऐकलं. "आईंना विचारा," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्याचा मतलब कागदातून पाहिजे. हा मतलब त्यांच्याकडे आहे."

रविवारी दुपारच्या बसने तो निघाला, पण बस शहापूरच्या पुढे चिखलात रुतली आणि फोपनारला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. केळीच्या बागांतून ओल्या मातीचा वास येत होता. गल्लीच्या तोंडाशी तो होता, तेवढ्यात मायचा आवाज आला. ती दारात उभी होती, हातात कंदील, तोंड बुऱ्हाणपूरच्या वाटेकडे. तिला तो दिसत नव्हता. ती त्याची वाटही बघत नव्हती, कारण तो येणार हे तिला माहीतच नव्हतं. तिने हाक मारली, गुरं परतताना मारतात तशी, लांब आणि बिनघाईची:

"कडू, ये रे घरी."

एकदाच. मग ती वळून आत गेली. समोरच्या ओट्यावर गोदाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान उचलली नाही, जशी रोजच्या गोष्टीला कोणी उचलत नाही. नंदकुमार भिंतीला हात लावून उभा राहिला. ओ द्यायला त्याचं तोंड उघडलं, तोवर दार रिकामं झालं होतं. तेवीस वर्षं. पावसाळे, वडिलांचा बारावा, त्याची लग्नाची हळद, मंजिरी, शिरीष. प्रत्येक संध्याकाळी ही हाक आठ कोसांवरून शहराकडे निघत होती आणि तो आरामात चहा पीत होता. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

आत गेल्यावर पाणी प्यायच्या आधीच त्याने सगळं सांगून टाकलं. पत्र, घर, कोंडा, भाऊ. आणि शेवटी उशाखालचा तो विचारही, जो त्याने निर्मलालाही सांगितला नव्हता. धुरपदाबाई ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "हे तू शिरीष गेला तैपासून मनात धरलं? मले काहून नाही विचारलं?"

"तू हेच म्हणशील म्हणून."

"येड्या, तुहं नाव सुटलंच कुठी? तू टाकलं, मी उचललं. नावाले रोज हाक लागते, नाही तं उपाशी राहते. म्हून मी मारते." तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "त्या बाईनं बी मारली ना भावाले? मंग त्याचं बी सुटलं नव्हतं. लढाईवर गेलेल्याले नाव काय करीन? नाव काय ढाल हाय?"

"मग ठेवता कशाला?"

"माय रातच्याला झोपू शके म्हून," ती म्हणाली. "तुह्या आधीची चार गेली. मले झोप कशी लागली असती?"

 त्याने आजवर या चालीला अडाणी म्हटलं होतं, मनातून शाप म्हटलं होतं. पण ही चाल म्हणजे कोणाची तरी झोप आहे, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याचा विश्वास बसला असं नाही. तो आजही ग्रहणाचं चित्र तसंच काढील. फक्त डोक्यातला तो विचार, जो दोन वर्षं हलत नव्हता, तो मायच्या स्वयंपाकघरात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाताना, निघून गेला. जाताना त्याने निरोपही घेतला नाही.

उत्तर त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं, मसुदा न करता. बाळ विकलं गेलं ते फक्त मृत्यूला फसवायला, असं त्याने लिहिलं. तुम्ही सगळे खरे हॅलोवेलच आहात, चित्रातले राजे मात्र खोटे. भावाविषयीही लिहिलं. लपवलं नाही. हे नाव माणसाला वाचवत नाही, त्याने लिहिलं. ते एवढंच सांगतं की कोणीतरी त्याला गमवायला तयार नव्हतं. माझी आई म्हणते, हाक मारणारं एक माणूस असलं तर नाव सुटत नाही. तुम्ही शेवटच्या पत्रापर्यंत मारलीत. खाली इंग्रजीत सही केली, आणि मग, थोडं थांबून, तिच्याखाली मराठीत तीन वेळा खोडून चौथ्यांदा 'कडू' लिहिलं. त्याला ते लिहायची सवय नव्हती.

ऐन दिवाळीत, एक तारखेला राज्य बदललं, शाळेच्या कागदांवरचं नागपूर शिक्क्याखाली गेलं आणि पंडित मास्तरांनी त्या दिवशी कोणाशी बोलणं टाळलं. आठवड्याने मुलगा झाला. पाचव्या दिवशी मालूबाई आली, कंबरेतून वाकलेली, सुपात कोंडा घेऊन. सूप निर्मलाच्या पुढ्यात धरून तिने विचारलं, देती का हे? निर्मला कचेरीतल्या माणसाची मुलगी; तिने बाळाकडे पाहिलं नाही, नाक मुरडलं आणि अगदी खऱ्यासारखं म्हणाली, घेऊन जा, काय कामाचं आहे. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मालूबाईने बाळाचं नाव दगा ठेवलं, बापाकडे बघून म्हणाली की तुह्यापेक्षा बरा दिसतो, आणि सांभाळायला ठेवून गेली. नंदकुमार दाराला टेकून उभा होता. मी तिला तसं करू दिलं, हे त्याच्या मनात आलं. ही पाच शब्दांची ओळ लिहिताना त्या मडमेला कसं वाटलं असेल ते आता त्याला कळलं. अकरावा दिवस गेला. आठवा महिना अजून लांब होता.

बाईचं पत्र डिसेंबरात आलं, लहानसं. घर पाडायला माणसं सकाळी येणार होती. त्याआधी ती एकटीच आत गेली. न्यायाधीशाच्या सोळा खिडक्यांतल्या एकीच्या विटा निखळल्या होत्या आणि जिन्यावर उजेड पडला होता. राजेसाहेबांचं चित्र तिने आपल्या खोलीत नेलं होतं. आता सवय झाली आहे, तिने लिहिलं, आणि त्यांच्याखालची पाटीही राहू दिली आहे. 'मग मी जिन्याखाली उभी राहून रॉबर्टला त्याच्या त्या नावाने एकदा मोठ्याने हाक मारली,' पत्राच्या शेवटी होतं. 'घर रिकामं होतं, त्यामुळे ती सगळ्या खोल्यांतून जाऊन परत आली. तुमच्या आईंना सांगा.'

तो ओट्यावर बसून वाचत होता. समोरून लीलाधर मास्तर सायकल हातात धरून येत होते, शेजारचे दोघे पायरीवर दातण करत होते. आत दगा रडायला लागला, निर्मला न्हात होती, आणि बाळंतपणाला आलेल्या धुरपदाबाईचे हात पिठात होते. तिने 'अरे' म्हटलं, मग 'ऐकतो का' म्हटलं. त्याने पत्रावरून नजर काढली नाही. तिला घाई झाली असावी. चारचौघांत, भर रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिने हाक मारली, "कडू," आणि लगेच गप्प झाली, कारण तिच्या लक्षात आलं. लीलाधर मास्तर थांबले. इकडेतिकडे बघू लागले, कोणाला बोलावलं म्हणून.

"ओ," नंदकुमार म्हणाला, आणि आत गेला.